नंबर लागला असता

चंद्रपुरात लोक माझ्या मागे मला 'नंबरवाल्या मॅडम' म्हणायचे. तोंडावर म्हणायची कुणाची हिंमत नव्हती, पण भाजीबाजारात एका बाईने दुसरीला कोपर मारून "त्याच त्या, नंबरवाल्या" असं सांगितलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. नाव असं, की ऐकणाऱ्याला वाटावं ही बाई मटक्याचे आकडे देते. मी आपली एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत होते. बारावीच्या कोणत्या पोराचा मेडिकलला नंबर लागेल आणि कोणाचा नाही, हे मी परीक्षेच्या आधी सांगायचे आणि ते बहुतेक वेळा खरं ठरायचं. एवढ्यावरून हे नाव.

दोन हजार सालाच्या आसपासची ही गोष्ट. मेडिकलच्या प्रवेशासाठी राज्याची सीईटी नुकतीच सुरू झाली होती. कोणालाच तिचा नीट अंदाज नव्हता, त्यामुळे अंदाज सांगणाऱ्यांचं पीक आलं होतं. आमच्या कॉलेजातले गणिताचे सर प्रत्येक बापाला "होईल हो, होईल" म्हणायचे. म्हणायला काय जातं? त्या 'होईल'च्या भरवशावर पोरं एकदा नापास झाली की पुन्हा बसायची, पुन्हा आपटायची, आणि तिसऱ्या वर्षी कुठल्यातरी औषधाच्या दुकानात उभी दिसायची. मला ते बघवत नसे. म्हणून मी तोंडावर सांगायचे, आणि लोक रडले तरी बदलून सांगायचे नाही.

दिवाळीनंतर सहामाहीचे पेपर हातात पडले की रविवारी पालक आमच्या घरी यायचे. घर अब्बांच्या गादी-रजईच्या दुकानामागे होतं. अब्बा आलेल्यांना नव्या भरलेल्या गाद्यांवर बसवायचे, पाणी द्यायचे, आणि आत डोकावून मला म्हणायचे, "बेटा, आज पाच पेशंट हैं." माझी स्वतःची डॉक्टरकी थोडक्यात हुकली होती, त्यावरून मला चिडवायचा तो त्यांचा प्रकार होता. काही पालक जाताना एखादी गादी सांगून जायचे, म्हणून अब्बा खूश असायचे.

माझी पद्धत साधी होती. मार्कांकडे मी फार बघत नसे. पोराला एक प्रश्न वाचायला द्यायचे, खाली चार पर्याय. बरोबर कोणता हे विचारायचंच नाही. बाकीचे तीन का चूक आहेत, ते सांग म्हणायचं. बरोबर उत्तर पाठ करून कोणीही सांगतं. ज्याला तीन चुका उलगडून सांगता येतात, त्याचा नंबर लागतो. बहुतेक पोरं दुसऱ्या चुकीपाशी छताकडे बघायला लागायची आणि आई मध्येच म्हणायची, "काल तर घडाघडा सांगत होता ना."

अशाच एका रविवारी जिवतीच्या डोंगरावरून एक शेतकरी आपल्या मुलीला घेऊन आला. मुलगी माझ्याच वर्गात होती. कोळशाच्या खाणीच्या क्वार्टरमध्ये मावशीकडे राहून शिकत होती. वर्गात तिसऱ्या बाकावर भिंतीकडे बसायची, विचारल्याशिवाय बोलायची नाही. तिचं इंग्रजी लिहिलेलं स्वच्छ असायचं, बोलताना मात्र ती वाक्य आधी मनात लावून घ्यायची. बाप तिच्या अगदी उलट. गादीवर बसल्या बसल्या त्याने अब्बांशी कापसावर गप्पा सुरू केल्या, कोणता धागा लांब, कोणत्या वावरात काय पिकतं, सगळं. मी बाहेर आले तेव्हा तो आपल्या गावाबद्दल सांगत होता. त्याचं गाव म्हणजे सीमेवरच्या त्या गावांपैकी एक, जे महाराष्ट्र आपलं म्हणतो आणि आंध्रही आपलं म्हणतो.

"आमाले दोन सरकारं हायेत भाऊ," तो अब्बांना सांगत होता. "इकडचं नाई आलं त तिकडचं येते. शाळा दोन, रेशन दोन. मत बी दोघायले टाकतो. उगाच कोणाले नाराज काऊन करा?"

अब्बा पोट धरून हसले, तोही हसला. मलाही हसू आलं. त्याच्या हसण्यात अभिमान होता आणि तो मला आवडला. ज्या डोंगरावर एसटी चढली तर चढली नाहीतर नाही, तिथल्या माणसाने दोन राज्यांना आपल्या दारात उभं केलं होतं.

मी मुलीला प्रश्न दिला. तिने वाचला, थोडी थांबली, आणि तीनही चुका सांगितल्या. तिसऱ्याबद्दल म्हणाली की हा पर्याय बेडकाच्या बाबतीत बरोबर आहे, पण प्रश्न माणसाबद्दल आहे. मी दुसरा प्रश्न दिला, तिसरा दिला. मग पुस्तक मिटलं.

"भाऊ, हिचा लागते," मी म्हटलं.

गणिताच्या सरांचं 'होईल' आणि माझं 'लागते' यांतला फरक त्या माणसाला कुणीतरी आधीच सांगितला असावा. तो मुलीकडे बघत राहिला. मग अब्बांचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाला, "मंग झालं." परतीच्या गाडीत त्याने कंडक्टरपासून सगळ्यांना सांगितलं असणार, कारण पुढच्या रविवारी गडचांदूरकडचे दोघं-तिघं नवे पालक आले.

जानेवारीत प्रात्यक्षिकं सुरू होती. पानाच्या खालच्या सालीवरची छिद्रं सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची होती. मी टेबलांमधून फिरत होते. ती एक डोळा मिटून, ओठ हलवत मोजत होती. मी मागे उभी राहिले. ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू.

"तेलुगूत मोजतेस?" मी विचारलं.

ती दचकली. "सवय आहे मॅडम. तिकडच्या शाळेत होती ना मी."

"किती वर्ग?"

"सहावीपासून दहावीपर्यंत. सरकारी हॉस्टेलात होती. पुढं त्यायच्याकडं हॉस्टेल नव्हतं, म्हणून मावशीकडं आली."

मी पुढच्या टेबलाकडे गेले. त्या टेबलावरच्या मुलाने काय मोजलं, मी काय बघितलं, मला काही आठवत नाही. मेडिकलच्या राज्याच्या जागांसाठी दहावी आणि बारावी दोन्ही राज्यातूनच झालेली लागते, हे मला पाठ होतं. आमच्याकडे येणाऱ्या कोणालाच त्या नियमाची कधी अडचण आली नव्हती. भद्रावतीच्या आयुध निर्माणीतल्या पोरांनाही नाही, राजुऱ्याच्या पोरांनाही नाही. सगळ्यांची दहावी इथलीच असायची. रविवारी मी तिला ते विचारलं असतं तरी काही बदललं नसतं, तिची दहावी तेव्हाच होऊन गेली होती. ही चूक तिच्या अकराव्या वर्षी झाली होती, आणि झाली तेव्हा ती चूक कुणालाच दिसली नसती. गावातल्या मराठी शाळेत मास्तर महिनोन्‌महिने फिरकत नव्हता, आणि ओढ्यापलीकडे गणित शिकवणारी, दोन वेळचं जेवण देणारी शाळा होती. शहाणा बाप तिकडेच टाकेल.

मी नागपूरला गेले. प्रवेशाचं काम बघणाऱ्या कार्यालयात एक वयस्क कारकून होता, माणूस सभ्य होता, मला बसायला खुर्ची दिली. मी सगळं सांगितलं. गाव आपल्या नकाशात आहे, म्हटलं. बाप इथे मतदान करतो, म्हटलं.

"तिकडेही करतात ना ते?" त्याने विचारलं.

करतात, म्हटलं. तो म्हणाला की अशा मुलीला परीक्षा देता येईल, निकालही लागेल, पण कागद तपासताना नाव निघून जाईल. अपवाद नाही. देशपातळीवरच्या परीक्षेचं विचारलं, तर त्या परीक्षेच्या अर्जांची मुदत केव्हाच संपली होती. अब्बांकडे आदिलाबादहून कापूस घेऊन येणारा एक व्यापारी होता, त्याच्यामार्फत तिकडेही चौकशी केली. तिकडून निरोप आला की मुलीची बारावी महाराष्ट्राची, म्हणजे मुलगी महाराष्ट्राची. दोन्ही राज्यं त्या गावावर हक्क सांगत होती. मुलीला मात्र दोघांनी एकमेकांकडे ढकललं. मला त्या दिवसांत इतका राग येत होता की घरात कुणी माझ्याशी बोलायचं नाही. बापाचाही राग येत होता, त्याच्या त्या दोन सरकारांच्या हसण्याचा, आणि तो राग अन्यायाचा आहे हे कळूनही जात नव्हता.

मुलीला मी प्रयोगशाळेत सांगितलं, सगळे गेल्यावर. आडवळण घेतलं नाही. ती टेबलाच्या कडेवरचं सुटलेला सनमायका नखाने उचलत, दाबत ऐकत होती.

"म्हणजे कितीही मार्क पडले तरी?" तिने विचारलं.

"कितीही."

ती म्हणाली, "मॅडम, बाबाले सांगू नका."

"अगं, कळणारच ना त्यांना."

"कसं कळन? त्यायले वाचता येत नाई. तुमी म्हणाल तेच खरं मानते ते." तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "मार्क कमी पडले म्हणून सांगजा. आजी नाई म्हणत होती, पोरीले परक्या मुलखात नको टाकू म्हणत होती. बाबानं भांडून नेलं मले. डोक्यावर पेटी घेऊन ओढा पार केला. समद्या गावाले सांगते अजून. हे कळलं त जिवंतपणी मरन तो."

"आणि तुला बोलतील त्याचं काय?"

"बोलू द्या. पोरीचे मार्क कमी पडतच असतेत."

मी तिला विचारलं, मग सीईटी द्यायची नाही का? बीएस्सीची तयारी करू, इतर काही बघू. ती म्हणाली, "पेपर त देईनच. मले पाहाचं आहे." काय पाहायचं आहे, हे मी विचारलं नाही. मला कळलं होतं. तेव्हापासून परीक्षेपर्यंत ती वर्गात सगळ्यांच्या आधी यायची आणि पोरांना अडलेलं समजावून सांगायची. मी तिच्याकडे बघायचं टाळायचे. ज्या घरचं लग्न मोडल्याची बातमी आपल्याला ठाऊक आहे त्या घरात मांडव घालताना बघावं, तसं ते होतं.

मे महिन्याच्या उन्हात निकाल लागला. आयुध निर्माणीच्या कॉलनीतली एक मुलगी आमच्या वर्गात होती, हुशार, रोज भद्रावतीहून बसने यायची. तिचा नागपूरला नंबर लागला. ती पेढे घेऊन स्टाफरूममध्ये आली, मागोमाग ही. हिचे गुण तिच्यापेक्षा बरेच जास्त होते. ते आम्हा तिघींनाच माहीत होतं, आणि कॉलनीतल्या मुलीला हिचा नंबर न लागण्याचं कारण माहीत नव्हतं. ती गोंधळून म्हणाली, "मॅम, हिचं नाव यादीत कसं नाही?" ही म्हणाली, "कागद अटकले माझे," आणि पेढा खाल्ला. पूर्ण खाल्ला, आणि हात रुमालाला पुसले.

आमच्या महाविद्यालयात बातमी वेगळीच पसरली. नंबरवाल्या मॅडमचा अंदाज या वेळी साफ चुकला. गणिताचे सर आनंद लपवता न आल्यामुळे माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "होतं हो, होतं." मी चहाचा कप उचलून दुसऱ्या खुर्चीवर गेले.

जुलैत तिचा बाप आला. मुलीचं बीएस्सीला नाव घालायला आला होता, आणि एसटीला वेळ होता म्हणून दोघंही दुकानात आले. अब्बांनी गादीवर बसवलं. बाप या वेळी कापसावर काही बोलला नाही. पिशवीतून तुरीच्या डाळीचं गाठोडं काढून अब्बांच्या पुढ्यात ठेवलं. अब्बांना मी सगळं सांगितलेलं होतं. ते पाणी आणायला म्हणून उठले आणि आतच थांबले.

"बाई, काय कमी पडलं हो?" त्याने मला विचारलं.

मुलगी त्याच्या शेजारी बसून माझ्याकडे बघत होती. मी इतक्या आईबापांना तोंडावर खरं सांगितलं होतं, त्यातला एकही चेहरा मला असा जड गेला नव्हता.

"मार्क, भाऊ," मी म्हटलं. "थोडक्यात हुकलं."

"थोडक्यात," तो म्हणाला. मग मुलीकडे वळला. त्याचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त लागत होता. "म्या किती सांगितलं हिले. मावशीकडं टीव्ही पाहून राह्यली असन. तिकडं हॉस्टेलात होती तवर पयला नंबर सोडला नाई हिनं. इकडं शहरात आली आन् बिघडली. गावात तोंड दाखवाले जागा नाई ठेवली, बाई. मेडिकलले चालली म्हणून समद्यायले सांगून बसलो होतो मी."

मुलगी मान खाली घालून ऐकत होती. निकालापासून ती हेच ऐकत असणार, हे तिच्या बसण्यावरून दिसत होतं.

"जाऊ द्या ना भाऊ," मी म्हटलं.

"जाऊच द्यावं लागते," तो म्हणाला. "आता बारकीवर आहे समदं. जून महिन्यात तिले तिकडच्याच हॉस्टेलात टाकून आलो. सहावीले. तिले इकडं आणतच नाई मी दहावी होईपर्यंत. ते बनन डॉक्टर. हिची कसर ते भरून काढन."

मुलीने मान वर केली. तिला हे माहीत नव्हतं. उन्हाळ्यानंतर ती मावशीकडे परतली होती, धाकटी बहीण कुठल्या शाळेत गेली हे तिला कोणी कळवलं नव्हतं. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. निकालाच्या दिवशी न दिसलेलं सगळं त्या वेळी तिच्या तोंडावर आलं.

"बाबा, बारकीले काढा तिथून," ती म्हणाली.

"काऊन?"

तिने ओढणीचं टोक तोंडात धरलं, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "सांगा मॅडम."

मी सांगितलं. सोप्या शब्दांत सांगितलं, तरी दोनदा सांगावं लागलं, कारण पहिल्यांदा त्याला वाटलं की मी त्याच्या मुलीची बाजू घेते आहे. ज्या राज्यात शिकून डॉक्टर व्हायचं, दहावीही त्याच राज्याची लागते. तिकडचेही बारावी तिकडची मागतात. पेटी डोक्यावर घेऊन ओढा ओलांडला त्या दिवसापासून हा दरवाजा बंद होत आला होता, आणि ते त्याला सांगायला कोणी नव्हतं. शेवटचं वाक्य मी त्याच्यासाठी म्हटलं. त्याने ते ऐकलं की नाही, माहीत नाही.

तो दुकानातल्या रुईच्या ढिगाकडे बघत बसला. रस्त्यावरून कोळशाचे ट्रक जात होते, त्यांचा आवाज गादीतून अंगाला जाणवत होता.

"म्हणजे मार्क होते?" त्याने विचारलं.

"होते."

"पुरते होते?"

"पुरून उरत होते, भाऊ. तिच्यापेक्षा कमीवाल्यांचे लागले."

"म्हणजे नंबर लागला असता."

"लागला असता," मी म्हटलं.

तो मुलीकडे वळला. हात तिच्या डोक्याकडे नेला, पण मध्येच खाली घेतला, आणि तो कुठे ठेवावा हे न कळून गादीवर ठेवला. "मी तुले चार लोकायसमोर बोललो," तो म्हणाला. "तू सांगितलं काऊन नाई?"

"काय सांगू," ती म्हणाली. तेव्हा ती रडली. जानेवारीपासून थोपवलेलं ते रडणं होतं. बाप तिच्याकडे बघत राहिला आणि त्याला तिला गप्प करता आलं नाही. मीही केलं नाही. माझे डोळेही भरून आले होते आणि मी ते लपवले नाहीत.

अब्बा पाणी घेऊन बाहेर आले. तो ते उभ्याने प्यायला. गडचांदूरची गाडी कधीची आहे, हे त्याने मला विचारलं. तिथून पुढे जिवती, मग डोंगर उतरून पलीकडे, उद्या दुपारपर्यंत बारकीच्या शाळेत पोहोचता येईल, असा त्याने हिशोब केला. मुलीने तोंड धुतलं, पुस्तकांची पिशवी अब्बांच्या दुकानात ठेवली, आणि तीही त्याच्याबरोबर निघाली. बीएस्सीचा पहिला आठवडा बुडणार होता. पण दाखला मागायला तिथल्या हेडमास्तरांशी तेलुगूत बोलावं लागतं, आणि बापाला तेलुगू नीट येत नव्हतं.